कॅलेंडर राहू दे, आधी रिजेक्शन बघ

अगं, काल फोनवर तुझा आवाज एवढा पडला होता की म्हटलं लिहूनच टाकूया. कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून कास्टिंग करायच्या कारखान्यात, ट्रेनिंग विभागात लागलीस, वर्षाचं ट्रेनिंगचं कॅलेंडर वेळेत पुरं केलंस, टाइम मॅनेजमेंट झालं, टीम बिल्डिंग झालं, फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलं आणि तरी प्लांट हेडनी विचारलं, यातून कंपनीला काय मिळालं? तुला लागलं ते. पण प्रश्न बरोबर आहे त्यांचा.

कॅलेंडर आधी करायचंच नसतं. आधी रिजेक्शनच्या, म्हणजे नापास झालेल्या कास्टिंगच्या, ढिगापाशी जाऊन उभं राहायचं. तुझ्याकडं 'ट्रेनिंग नीड'चे फॉर्म येतात ना, ते मागच्या वर्षीचे बघून भरलेले असतात, त्यावर कसली योजना करतेस?

आता पावसाळ्यात ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळ्या, वाढले की क्वालिटीवाले म्हणणार, मोल्डरला, साचा करणाऱ्याला, ट्रेनिंग द्या. लगेच हो म्हणू नकोस. सँडचं रजिस्टर उघड. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, पाणी साधारण ३ ते ४ टक्के लागतं, जास्त झालं की गरम धातू ओतल्यावर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. रजिस्टरमध्ये तिन्ही शिफ्टला एकच आकडा दिसला तर समज, कुणी मोजलेलंच नाही. ओल मोजायचा मॉइश्चर मीटर बंद असेल तर मीटर दुरुस्त करा, त्याला ट्रेनिंग कशाला पाहिजे? पण सेकंड शिफ्टचा नवा पोरगा अंदाजानं पाणी सोडत असेल तर त्याला मुलरपाशीच, वाळू मळायच्या मशीनपाशीच, शिकव, आणि शिकवायला मूठ दाबून वाळू ओळखणारा जुना मिस्त्री घे. महिन्यानं तेच ब्लो होल परत मोज. झालं तुझं उत्तर.

ट्रेनिंगचा अभ्यासक कर्कपॅट्रिक, त्यानं १९५९ मध्येच ट्रेनिंगचा उपयोग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्यात: आवडलं का, शिकले का, कामात बदल झाला का, धंद्याला फरक पडला का. आपल्याकडं सगळे पहिल्या पायरीवरच बसकण मारून बसलेत. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या स्टँडर्डमध्येही ट्रेनिंगचा परिणाम तपासा म्हटलंय, नुसत्या सह्या गोळा करा असं नाही.

मी नोकरीत असताना माणशी इतके तास ट्रेनिंग असलं टार्गेट भरायला नाही म्हणायचो, हट्टी ठरलो, बढती गेली, घरच्यांनी सोसलं. तरी आजही तेच करीन. ओव्हरटाइम करून रिवर्क, म्हणजे बिघडलेल्या मालाची दुरुस्ती, उपसणाऱ्या माणसाला वर्गात बसवून मोटिव्हेशन ऐकवायचं, मला नाही पटलं. खंत वेगळीच आहे. आमचा एक मिस्त्री रिटायर व्हायच्या आधी त्याच्या हाताखाली दोन पोरं द्या म्हणून मी मागं लागलो होतो, मंजूर झालं नाही, आणि त्याच्या हातातलं सगळं त्याच्याबरोबर गेलं.

तेव्हा सोमवारी रडत बसू नकोस. प्लांट हेडना एवढंच विचार, या तिमाहीत सगळ्यात जास्त पैसा कुठल्या पार्टवर वाया गेला? तो एकच पार्ट धर. सेफ्टी शूज घाल, सेकंड शिफ्टला जा, पोरांशी बोल, लगेच शिकवायला लागू नकोस. एचआर मॅनेजर कॅलेंडर मागतील, त्यांना म्हण महिनाभर थांबा. आणि तो मॉइश्चर मीटर चालू आहे का, ते मला त्याच दिवशी कळव.