रत्नागिरीत, समुद्राजवळच्या घरासाठी डेस्कटॉप जोडतोय. ऑफिसचं काम, मुलांचा अभ्यास, थोडं फोटो एडिटिंग. कोणते पार्ट घेऊ?

या कामांना वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर पुरतो: ६ कोअर, ग्राफिक्स आतच. रॅम मात्र १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्या, आतल्या ग्राफिक्सला त्याचा खरंच फायदा होतो. साठवणीसाठी ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान डिस्क) घ्या.

वाचलेले पैसे पॉवर सप्लायवर घाला. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा अजिबात नको. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) बघा. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट सारखी ये-जा करते, म्हणून यूपीएस हवाच. आणि त्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, ते नसेल तर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर वाचवणारं उपकरण) नीट काम करत नाही. वीज कडाडायला लागली की प्लग काढा, इंटरनेटची लॅन केबलसुद्धा.

खारी हवा हा दुसरा शत्रू. कॅबिनेट खिडकीपासून लांब, जमिनीपासून वर ठेवा. पावसाळ्यात पीसी रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. कधी डिस्प्ले आलाच नाही, तर प्लग काढून रॅम बाहेर घ्या, सोनेरी कडा साध्या खोडरबराने हलकेच पुसा आणि परत बसवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.