'जीवॉन' हे कोरियन नाव बाईंचं की पुरुषाचं? मेलमध्ये सर लिहू की मॅडम?

तुम्ही म्हणताय, सोलच्या ऑफिसातून 'जीवॉन किम' अशा सहीचा मेल आलाय, सोबत फोटो नाही, आणि उत्तराची पहिलीच ओळ अडलीय. सर किंवा मॅडम, दोन्ही लिहू नका. जीवॉन हे नाव कोरियात बायकांचंही असतं आणि पुरुषांचंही. नुसतं नाव वाचून तिथल्या माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. आपल्याकडे अभिनेत्री सुहास जोशी आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकर आहेत, तसंच.

तुमच्या मेलमधलंच नाव घ्या. किम जीवॉन म्हटलं की नेटफ्लिक्सवर कोरियन मालिका बघणाऱ्यांना 'क्वीन ऑफ टियर्स'ची (2024) नायिका आठवते. रॅप ऐकणारे मात्र आयकॉन या गटातल्या बॉबीचं नाव घेतील. त्याचंही खरं नाव किम जीवॉनच, आणि कोरियन लिपीत दोघांचं नाव अगदी सारखं लिहितात.

पार्क आडनावाचे जीवॉन तर आणखी वेगवेगळे. एक 2020 ते 2022 मध्ये तिथल्या गुप्तचर संस्थेचे प्रमुख होते, एक फ्रॉमिस नाइन या गटातली गायिका आहे. आणि माझे सर्वांत लाडके म्हणजे कोरियातल्या जोसॉन राजवटीच्या काळातले विद्वान पार्क जीवॉन (1737–1805). चीनच्या बादशहाच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त 1780 साली कोरियाहून गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर ते गेले आणि त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली. चीनमध्ये बघण्यासारखं काय, तर फुटकी कौलं आणि खताचे ढीग, असं ते लिहितात. तिथले लोक काहीच वाया घालवत नाहीत आणि ते आपण शिकायला हवं, हे त्यांना मनापासून सांगायचं होतं. कुठे सापडलं तर जरूर वाचा.

नाव एकच असलं तरी अर्थ एक नसतो. बहुतेक कोरियन नावांमागे चिनी अक्षरं असतात आणि ती आईवडील निवडतात. 'जी' म्हणजे शहाणपण किंवा निश्चय, 'वॉन' म्हणजे उगम किंवा आरंभ, असे कितीतरी पर्याय आहेत. 'वॉन'साठी सुंदर स्त्री या अर्थाचंही एक अक्षर आहे. अभिनेत्री किम जीवॉनच्या नावात तेच आहे, त्यामुळे चिनी अक्षरांत लिहिलेलं दिसलं तर ते मुलीचं नाव हे कळतं. पण रोजच्या व्यवहारात कोरियन लिपीच चालते आणि तिच्यात हा फरक पुसला जातो. सरकारी कागदावर प्रश्न येत नाही, कारण 13 आकडी नागरिक क्रमांकातला सातवा आकडा ते सांगतो. विसाव्या शतकात जन्मलेल्या पुरुषांना 1 आणि स्त्रियांना 2, 2000 पासून जन्मलेल्यांना 3 आणि 4.

आता तुमचा मेल. सहीखाली हुद्दा आहे का बघा. कोरियन ऑफिसात आडनाव, हुद्दा आणि शेवटी 'निम' हा आदराचा प्रत्यय, अशी हाक मारतात. क्वाजांग म्हणजे मॅनेजर, म्हणून 'किम क्वाजांग-निम'. बाई असोत की पुरुष, हाक तीच. हुद्दा दिसत नसेल तर 'किम जीवॉन-निम' लिहा. इंग्रजीत लिहायचं असेल तर 'डिअर जीवॉन किम' पुरे. वरिष्ठ असतील तर नुसतं 'जीवॉन' टाळाच, ते तिथे फार सलगीचं वाटतं.

राहिला तुमच्या टीममधला मराठी ग्रुप. तिथे 'जीवॉन म्हणाले' की 'म्हणाल्या' यावर अडू नका. 'जीवॉन यांनी कळवलंय', 'जीवॉन यांचा मेल आलाय' असं लिहीत जा, आणि पहिला व्हिडिओ कॉल झाला की पुढे नेहमीसारखं.