अमेरिकेतल्या माळरानावरची छोटी शेतकरी गावं ओस पडली, ती रेल्वे आली नाही म्हणूनच का?

तुमच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळं होता येईल, पण ते उत्तर अर्धंच ठरेल. एकाच गावाचं सांगते, त्यात तुमचा प्रश्न पुरता सापडतो. गावाचं नाव निकोडेमस. कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत आहे.

मी मॅनहॅटनला (न्यूयॉर्कमधलं नव्हे, कॅन्ससमधलं) कोरडवाहू गव्हावर पीएचडी करत होते. तिथून २४ नंबरचा हायवे सरळ पश्चिमेला जातो आणि तीन-सव्वातीन तासांनी निकोडेमसच्या अंगावरून जातो. लक्ष नसेल तर गाव मागे पडलेलं कळतही नाही. पहिल्या खेपेला माझं तेच झालं. पुढच्या गावाची पाटी दिसल्यावर गाडी वळवून परत आले.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण दक्षिणेत काळ्या माणसाच्या नावावर जमीन होणं दुरापास्तच होतं. १८७७ मध्ये डब्ल्यू. आर. हिल नावाच्या गोऱ्या गृहस्थाने काही काळ्या भागीदारांना घेऊन ‘निकोडेमस टाउन कंपनी’ काढली आणि दक्षिणेतल्या केंटकी राज्यातल्या चर्चांमधून प्रचार सुरू केला: कॅन्ससला चला, तिथे जमीन आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. १८७७ च्याच सप्टेंबरात तीनशेच्या वर काळी माणसं आली. रेल्वे एलिसपर्यंतच होती. तिथून पुढे पस्तीसएक मैल पायी.

१८७८ च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण नोंदलेली आहे. ‘ते बघा निकोडेमस!’ असा पुरुषांनी ओरडा केला. बाई आजारी होत्या, तरी उठून बघू लागल्या. गाव कुठे दिसेना. नवऱ्याने बोट दाखवलं तिकडे जमिनीतून धूर निघत होता. लोक उतारात खणलेल्या घरांमध्ये राहत होते, आणि धूर त्यांच्या चुलींचा होता. बाईंना रडू कोसळलं. ते दृश्य बघून बरीच कुटुंबं परत फिरली, हिकमन कुटुंब मात्र राहिलं.

पहिला हिवाळा निभावला तो शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी मांस दिलं म्हणून. नांगर आणि घोडे जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे कुदळ-फावड्याने जमीन फोडली. माळावर पडलेली बायसनची हाडं गोळा करून विकली. (खतासाठी त्या हाडांना गिऱ्हाईक होतं.) आणि एवढ्या भांडवलावर दहा वर्षांत तिथे हॉटेलं, चर्च, शाळा, दुकानं, बँक, बेसबॉलचा संघ आणि चक्क दोन वर्तमानपत्रं उभी राहिली! गावातल्या एडवर्ड मॅकेबना १८८२ मध्ये राज्याचे ऑडिटर म्हणून मतदारांनी निवडून दिलं.

आता तुमची रेल्वे. रूळ यावेत म्हणून १८८७ मध्ये गावाने १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. मिसूरी पॅसिफिक कंपनी आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून, पाच-सहा मैलांवरून. तिथे बोग नावाचं गाव वसलं आणि निकोडेमसचे दुकानदार बाडबिस्तरा उचलून नदीपलीकडे गेले. गहू पिकवायचा इथे आणि वाहून न्यायचा तिथे, मग दुकान इथे कशाला? ज्या हिलने लोकांना इथे आणलं, त्याच्या नावाचं हिल सिटी मात्र त्याच वर्षी काउंटीचं मुख्य ठाणं झालं. याला काय म्हणावं!

इथपर्यंत सगळे सांगतात आणि थांबतात. पण रेल्वे मिळालेल्या बोगमध्ये आज किती माणसं आहेत? दीडशेच्या आसपास. अख्ख्या ग्रॅहम काउंटीत १९१० मध्ये आठ हजारांवर लोक होते, २०२० मध्ये अडीच हजारांच्या आत. रूळ आले तिथली गावंही आटलीच. निकोडेमस आधी आटलं, एवढंच.

खरी गोम त्या १६० एकरांत आहे. आपल्याकडे १६० एकर म्हणजे जहागिरीच वाटते. पण इथे वर्षाला जेमतेम वीस-बावीस इंच पाऊस, तोही लहरी. ओल धरून ठेवायची म्हणून कित्येक शेतकरी निम्मी जमीन आड वर्षाने पड ठेवतात. उरलेल्या निम्म्यावर एक कुटुंब चांगल्या वर्षी तरतं, आणि लागोपाठ दोन वाईट वर्षं आली की बुडतं. १९३१ मध्ये कॅन्ससमध्ये गहू विक्रमी पिकला आणि भाव मातीमोल झाले. त्यापाठोपाठ दुष्काळ आणि धुळीची वादळं. त्यात ट्रॅक्टर आणि कंबाइन (कापणी-मळणी एकदम करणारी यंत्रं) आले. ज्याला परवडलं त्याने शेजाऱ्याची जमीन घेतली, शेजारी डेन्व्हरला किंवा टोपेकाला नोकरीला गेला. शेजारी गेला म्हणजे त्याची चार पोरंही शाळेतून गेली. निकोडेमसचं पोस्ट १९५३ मध्ये बंद झालं, काही वर्षांनी शाळाही. हे एका तारखेला घडत नाही, म्हणून गोष्टीत सांगायला रेल्वेच सोपी पडते.

आज कायमची वस्ती विसाच्या आसपास. चर्च, जुनं हॉटेल, शाळा आणि १९३९ चा टाउनशिप हॉल अशा पाच जुन्या इमारती उभ्या आहेत. १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. मी शाळेच्या काचेला नाक लावून आत डोकावले होते. बाहेर वारा एवढा की हातातला नकाशा फडफडून फाटला.

दुसऱ्यांदा गेले ती जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी. त्या दिवसांत इथे जत्रा असते. ब्रिटिश कॅरिबियन बेटांवरची गुलामगिरी १ ऑगस्टला संपली, त्या दिवसाच्या सणावरून ती सुरू झाली. पणतवंडं-खापरपणतवंडं कुठून कुठून येतात, वीस माणसांच्या गावात गाड्या लावायला जागा उरत नाही. मी हॉलपाशी घोटाळत होते. खुर्चीत बसलेल्या एका आजींनी मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, “तू कुणाकडची गं?”

मी म्हटलं, कुणाकडचीच नाही, गव्हाचा अभ्यास करते. त्यांनी नातवाला हाक मारून माझ्यासाठी ताट वाढायला सांगितलं आणि मला शेजारी बसवून घेतलं. “गव्हाला यंदा काय भाव मिळाला?” त्यांचा पुढचा प्रश्न. मी सांगितला. त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी हिशेब करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे तसंच आहे अजून.”