वाचकांचे प्रश्न : गेम खेळणाऱ्यांतून गेम बनवणाऱ्यांत जाताना

रावेरपासून नंदुरबारपर्यंत या विषयावर आलेल्या पत्रांतली पाच पत्रं या वेळी घेतली आहेत.

मुलगा बारावी सायन्सला आहे. गेम बनवण्याचंच शिक्षण घेईन म्हणतो. एका क्लासने दीड वर्षाच्या कोर्सची अडीच लाख फी सांगितली, नोकरीची खात्रीही दिली. केळीचे पैसे हातात आलेत. भरावेत का?
*– केळी उत्पादक पालक, रावेर*

आत्ता भरू नका. बारावीची परीक्षा झाली की मुलाला दोन महिने द्या आणि एकच काम सांगा : छोटा का होईना, एक गेम पुरा करून दाखव. गोडो नावाचं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि घरच्या साध्या संगणकावरही चालतं. गेम असा असू दे : वरून केळीचे घड पडतात, खाली ट्रॉली डावीउजवीकडे सरकते, घड झेलला की गुण, तीन सुटले की खेळ संपला.

घड पाडण्यापर्यंत पोरं दोन-चार दिवसांत पोचतात. गाडी अडते ती पुढे. खेळ परत सुरू केला तर जुने घड पडद्यावर तसेच राहतात, गुण शून्यावर येत नाहीत. मग आवाज, मध्येच थांबवायचं बटण, लहानमोठ्या मोबाईलवर सगळं जागच्या जागी दिसणं. हा किचकट भाग म्हणजेच या धंद्यातलं रोजचं काम. तो मुलाने निस्तरला आणि आपणहून दुसरा गेम सुरू केला, तर त्याची आवड खरी समजा.

त्यानंतरही आमचा कल पदवीकडेच राहील. संगणक अभियांत्रिकी किंवा बीसीए जळगाव-धुळ्यातही होतं, आणि गेमचं नाही जमलं तर त्या पदवीवर दुसरं काम मिळतं. बारावीचं गणितही वाया जात नाही. गेममधल्या पहारेकऱ्याला खेळाडू समोर आहे की पाठीमागे हे कळतं ते सदिशांच्या अदिश गुणाकारातून : उत्तर धन आलं तर समोर, ऋण आलं तर मागे.

क्लास लावायचाच झाला तर नोकरी लागलेल्यांची यादी मागू नका. तिथल्या मुलांनी केलेले गेम मागा आणि मुलाला समोर बसवून खेळून बघा. नोकरी न लागल्यास फी परत, हे कागदावर लिहून द्यायला तयार नसतील तर ती खात्री तोंडचीच आहे.

संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप आय-थ्री, ८ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही. युनिटी, अनरिअल की गोडो? आणि स्टुडिओला दाखवायचं काय?
*– विद्यार्थी, धुळे*

या लॅपटॉपवर अनरिअलच्या वाटेला जाऊ नका. ते उघडेल, पण प्रत्येक बदलानंतर वाट बघण्यातच संध्याकाळ जाईल. सुरुवात गोडोवर करा. एक गेम झाला की युनिटी आणि त्यात कोड लिहायची भाषा सी-शार्प घ्या, कारण मोबाईल गेम करणाऱ्या स्टुडिओंत युनिटीचं काम भरपूर असतं. ८ जीबीवर युनिटीचे छोटे टू-डी प्रकल्प निभावतात. लॅपटॉपमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. प्रकल्प उघडायला लागणारा वेळ त्याने सर्वांत जास्त कमी होतो.

आपल्याकडची एक गोष्ट पुस्तकांत सापडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. सकाळी सुरळीत चालणारा गेम दुपारी अडखळतो आणि आपण कोडमधली चूक शोधत बसतो. वेगाची मोजमापं पहाटे किंवा रात्री घ्या, प्रत्येक वेळी मशीन तितकाच वेळ चालू ठेवून.

मोजायचं काय? सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.६ मिलिसेकंद मिळतात, ३० फ्रेमसाठी ३३.३. इंजिनमधलं वेळ मोजणारं साधन, म्हणजे प्रोफायलर, उघडून हा वेळ कोण खातं ते बघा. शिकाऊ मुलांची नेहमीची चूक म्हणजे दर फ्रेमला ठरावीक अंतर सरकवणं. मग ६० हर्ट्झच्या मोबाईलवर चालणारं पात्र १२० हर्ट्झच्या मोबाईलवर दुप्पट वेगाने पळतं. उपाय म्हणजे वेगाला मागच्या फ्रेमपासूनच्या वेळेने, म्हणजे डेल्टाने, गुणायचं. पण गोडोमधलं पात्र सरकवणारं ‘मूव्ह अँड स्लाइड’ हे फंक्शन हा गुणाकार आतच करतं. तिथे वेगाला पुन्हा डेल्टाने गुणलंत तर पात्र जागेवरून हललेलंही दिसणार नाही.

दाखवायचं म्हटलं तर दोन-तीन छोटे, पुरे झालेले गेम ठेवा. अर्धवट दहा नकोत. ते इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर असे चढवा की लिंक दाबताच ब्राउझरमध्ये खेळता येतील. कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवा. युनिटीचं ‘लायब्ररी’ आणि गोडोचं ‘डॉट गोडो’ हे फोल्डर तिथे चढवू नका. इंजिन ते स्वतःच पुन्हा तयार करतं, तिथे ते जागा विनाकारण अडवतात. १०० एमबीहून मोठी फाइल गिटहब साध्या पद्धतीने घेतच नाही. सोबत मिनिटभराचा व्हिडिओ, आणि त्याच्या पहिल्या पाच सेकंदांत प्रत्यक्ष खेळ दिसला पाहिजे.

पहिल्या नोकरीसाठी बहुधा गाव सोडावं लागेल. पुण्यात यूबीसॉफ्टचा स्टुडिओ आहे, सुपरगेमिंग आहे. २०२० साली आलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केला. बेंगळुरूत रॉकस्टार, हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. बरेच जण तपासनीस, म्हणजे क्यूए, म्हणून आत शिरतात. ते काम हलकं मानू नका. ‘गेम बंद पडतो’ हा अहवाल कुणाच्याच कामाचा नाही. ‘बिल्ड (गेमची आवृत्ती) ४२, ४ जीबी रॅमचा मोबाईल, दुसरी पातळी, उडी मारतानाच थांबवा-बटण दाबलं, परत सुरू केलं, पात्र जमिनीतून खाली गेलं, दहापैकी सात वेळा झालं’ असं लिहिता येत असेल तर मुलाखतीला तेच घेऊन जा.

रमीसारखे पैशांचे गेम चालवणाऱ्या कंपनीत काम मिळतंय. घेऊ का?
*– वाचक, भुसावळ*

नाही. ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे व्यवहार हाताळणं या कायद्याने बंद केलं. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मात्र त्यात वेगळी मान्यता आहे.

चित्रकलेची पदविका झाली आहे, ब्लेंडर हे थ्री-डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर शिकते आहे. मॉडेल ब्लेंडरमध्ये छान दिसतं, पण इंजिनमध्ये नेलं की आकार बिघडतो, काही बाजू गायब होतात. काय चुकतंय?
*– विद्यार्थिनी, नंदुरबार*

दोन्ही चुका नेहमीच्या आहेत. ब्लेंडरमध्ये वस्तू ओढून लहानमोठी केली की स्केलचा आकडा १ राहत नाही. तो तसाच इंजिनमध्ये गेला की पात्र हलवणारी हाडं, टक्कर ओळखणारे आकार सगळं विस्कटतं. बाहेर पाठवण्याआधी कंट्रोल-ए दाबून स्केल आणि रोटेशन पक्कं करा. गायब बाजूंचं कारण उलटे नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणाऱ्या दिशा. पृष्ठभागाची पाठ आपल्याकडे असेल तर इंजिन वेळ वाचवण्यासाठी ती काढतच नाही. ब्लेंडरमध्ये ‘फेस ओरिएंटेशन’ चालू करा, लाल दिसेल तो भाग उलटा. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन दाबलं की बहुतेक वेळा सरळ होतो.

टेक्श्चरचा, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्राचा, हिशेब हाताने करायची सवय लावा. १०२४ गुणिले १०२४ चं चित्र, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे मेमरीत ४ एमबी. तेच ४०९६ चं केलं तर ६४ एमबी. दाबून लहान केलं तरी प्रमाण तेच राहतं, सोळा पट. एका मडक्याला ४०९६ चं टेक्श्चर लावलेलं बघूनच स्टुडिओतला माणूस फाइल मिटतो.

पोर्टफोलिओत ड्रॅगन आणि चिलखती योद्धे सगळेच ठेवतात. तुमच्यापासून सारंगखेडा जवळ आहे. यात्रेतल्या घोड्याचं खोगीर, लगाम, गोंडे यांचे शंभर फोटो काढा आणि तेवढी एकच वस्तू नीट करा. चामड्याची झीज कुठे होते, पितळ कुठे काळवंडतं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असेल आणि ते मॉडेलमध्ये उतरतं. सोबत मॉडेलची जाळी, यूव्ही (टेक्श्चरसाठी सपाट उलगडलेला पृष्ठभाग) आणि त्रिकोणांची संख्याही दाखवा.

आम्ही दोघे मित्र अहिराणी संवादांचा गेम करतोय. युनिटीत अक्षरं तुटतात. आणि विकायचा कुठे?
*– वाचक, अमळनेर*

हा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. युनिटीत मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जुळणी स्वतः करत नाही. म्हणून ‘कि’ची वेलांटी अक्षरानंतर पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोकळे दिसतात. गोडो ४ मध्ये ही जुळणी अंगभूत आहे. गेम अजून लहान असेल तर तिकडे वळा. नोटो सान्स देवनागरी किंवा ‘मुक्त’ (Mukta) हे फाँट गेमसोबत देण्याची परवानगी त्यांच्या परवान्यातच आहे. तपासणीसाठी ‘काय करी ऱ्हायना’ हेच वाक्य वापरा. त्यातला ऱ्ह नीट उमटला तर बाकीची अक्षरं सहसा दगा देत नाहीत. ओळींत अंतर थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा कापल्या जातात. संवाद कोडमध्ये न लिहिता वेगळ्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे रकान्यांच्या साध्या तक्त्यात, ठेवा, उद्या मराठी आणि इंग्रजी रकाने शेजारी जोडता येतील.

विक्रीसाठी गूगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतरच्या वैयक्तिक खात्यांना गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. १२ च माणसं जमवाल तर फसाल, मधेच कुणीतरी बाहेर पडतंच. वीस नावं तयार ठेवा. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या दुकानात दर गेमला १०० डॉलर लागतात, विक्री १,००० डॉलरपर्यंत गेली की ते परत मिळतात. तिथे ‘लवकरच येत आहे’ हे पान निदान दोन आठवडे आधी लावणं सक्तीचं आहे. तुम्ही ते सहा महिने आधी लावा. आखाजीला गेम आणायचा असेल तर पान दिवाळीत तयार हवं.

अँड्रॉइडच्या बिल्डवर सही करणारी की-स्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड दोघांकडेही, वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. त्या फाइलमधली सहीची किल्ली (अपलोड की) हरवली तर गूगलकडून बदलून घेता येते, पण ती येईपर्यंत एकही दुरुस्ती चढवता येत नाही.