जुना किचनएड घेताना

मावशी न्यू जर्सीहून कायमची परत आली आहे. तिचा किचनएड स्टँड मिक्सर (पीठ मळायचं, फेटायचं यंत्र) मला देते म्हणते. पिन बदलून लावला तर चालेल ना? (पुणे)

नाही, तसा लावू नका. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं, आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. थेट लावलंत तर मोटर आणि स्पीड कंट्रोल जळायला वेळ लागणार नाही. तिथल्या ६० हर्ट्झच्या जागी इथे ५० मिळतात, पण मोटर कार्बन ब्रशची असल्यामुळे त्याने बिघडत नाही. २३० व्होल्टचे १२० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मात्र हवाच. मिक्सर ३०० वॉटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर ७५० ते १००० वॉटचा घ्या, कारण घट्ट पीठ मळताना मोटर जास्त वीज ओढते. प्रवासात वापरतात तो छोटा कन्व्हर्टर इथे कामाचा नाही. आणि अर्थिंग तोडू नका.

जाहिरात पाहून जुना मिक्सर बघायला जाते आहे. काय तपासू? (ठाणे)

सोबत अर्धा किलो कणीक घेऊन जा! खरंच सांगते. रिकामा मिक्सर सगळेच छान फिरवून दाखवतात. दोष दिसतो तो भार पडल्यावर. पीठ मळायचा हुक लावून दुसऱ्या स्पीडवर दोन-तीन मिनिटं मळा आणि कान देऊन ऐका. एकसारखी घरघर चालेल. ठराविक अंतराने 'कट्-कट्' आली किंवा मोटर फिरतेय पण हुक अडखळतोय, तर आतला वर्म गिअर (मोटरची गती हुकापर्यंत पोचवणारं दातेरी चाक) झिजलाय. मोटर वाचावी म्हणून आधी तोच तुटतो. बदलता येतो, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. जळका वास किंवा मोठ्या ठिणग्या असतील तर मात्र परत फिरा.

मग मिक्सरचं डोकं, म्हणजे मोटरचा वरचा भाग, हलवून बघा. बिजागरीची पिन सैल असेल तर ते मळताना उडतं. बीटर (फेटायचं पातं) भांड्याच्या तळाला घासत असेल तर घाबरू नका, मानेतल्या स्क्रूने उंची जुळते. रंगाच्या टवक्यांवर आणि चकाकीवर किंमत ठरवू नका.

घेतलेल्या मिक्सरमधून पिठात काळपट तेल पडतंय. फसले का? (नाशिक)

बहुधा नाही. बरेच दिवस बंद राहिला की ग्रीसमधलं तेल सुटून खाली झिरपतं. ते पीठ मात्र टाकून द्या. डोकं उघडून जुनं ग्रीस पूर्ण पुसायचं आणि फूड-ग्रेड ग्रीस भरायचं, की काम होतं. बीटरच काळा पडला असेल तर तो चकाकत्या ॲल्युमिनियमचा असणार. असे बीटर डिशवॉशरमध्ये घालू नयेत.

रोजच्या चपात्यांसाठी घ्यावा का? (बेळगाव)

तेवढ्यासाठीच असेल तर नको. दोघांपुरती कणीक हुकला नीट सापडतच नाही, भांड्याच्या कडेला चिकटून बसते. पाव, केक, बिस्किटं नेहमी होत असतील तर जरूर घ्या.

वीस वर्षं जुन्या मिक्सरला आजची जोडणी बसेल? (पणजी)

बसेल. पुढच्या तोंडात लागणारी पास्ता रोलर, ग्राइंडर अशी जोडणी जुन्या-नव्या मॉडेलांत अदलाबदल होते. भांडी आणि बीटर मात्र मॉडेल नंबर पाहूनच घ्या.