जुन्या पीसीवरचं नेटस्केप ४.०५: ‘मोझिला’ नेमका कोण, आणि ते किती सुरक्षित होतं?

मॅडम, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लातूरच्या तुमच्या कॉलेजात अडगळीच्या खोलीत विंडोज ९८ चा एक चालू पीसी सापडला. त्यावर नेटस्केप ४.०५ आणि इंटरनेट एक्सप्लोरर हे दोन्ही जुने ब्राउझर आहेत. लॅबच्या सर्व्हरवर पान ठेवून दोन्हींतून उघडलं, तर लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) दोघांनीही स्वतःचं नाव ‘मोझिला’ सांगितलं. एक्सप्लोररच्या अबाउटमध्ये (माहितीच्या खिडकीत) ४.७२ दिसतं आणि लॉगमध्ये ४.०१. खरं व्हर्जन कोणतं, त्या काळी हे सुरक्षित होतं का, आणि मुलांना नेट जोडून दाखवलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नेटला अजिबात जोडू नका. का, ते पुढे येईलच.

लॉगमधली नेटस्केपची ओळ अशी आहे: मोझिला/४.०५ [ईएन] (विन९८, आय). मोझिला हे नेटस्केपचं घरातलं नाव. १९९६ मध्ये आलेल्या नेटस्केप २ मध्ये फ्रेम्स (एका खिडकीत अनेक पानं दाखवणाऱ्या चौकटी) होत्या, त्यामुळे पुष्कळ सर्व्हर ‘मोझिला’ शब्द दिसला तरच चांगलं पान पाठवायचे आणि बाकीच्यांना साधं. मायक्रोसॉफ्टने मग स्वतःच्या ब्राउझरला तेच नाव सांगायला शिकवलं आणि कंसात ‘कम्पॅटिबल, एमएसआयई ४.०१’ अशी खरी ओळख ठेवली. ती प्रथा अजून सुटलेली नाही. तुमच्या फोनवरचा क्रोमसुद्धा आज ‘मोझिला/५.०’ असंच सांगतो. मुलांना ही ओळ शेजारी ठेवून दाखवा, त्यांना फार मजा वाटेल.

एक्सप्लोररचा घोळ वेगळा आहे. ४.७२.३११०.८ हा मायक्रोसॉफ्टचा आतला बिल्ड क्रमांक, आणि तो म्हणजे विंडोज ९८ सोबत आलेला ४.०१ च. दोन्ही आकडे खरे आहेत. नेटस्केपच्या दोन नावांचंही तसंच. ‘कम्युनिकेटर’ म्हणजे मेल, पान बनवायचा कंपोजर वगैरे सगळा संच आणि ‘नॅव्हिगेटर’ म्हणजे त्यातला ब्राउझर. नुसता नॅव्हिगेटर टाकलेला असता तर ओळीच्या शेवटी ‘नॅव्ह’ आलं असतं. तुमच्याकडे पूर्ण संच आहे.

आता त्या कंसातल्या एका अक्षराकडे बघा. माझ्या मते सगळ्या ओळीत महत्त्वाचं तेच आहे. ‘आय’ म्हणजे इंटरनॅशनल, म्हणजे अमेरिकेबाहेर पाठवायची प्रत. ‘यू’ असतं तर ती अमेरिकेतली. त्या काळी अमेरिकन सरकारच्या लेखी मजबूत एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती गुप्त लिपीत बदलायचं तंत्र, ही निर्यातबंदीतली वस्तू होती. त्यामुळे बाहेरच्या प्रतीत ४० बिटांची किल्ली आणि अमेरिकेतल्या प्रतीत १२८ बिटांची. व्हर्जन तेच, आयकॉन तोच, मेन्यूही तेच, पण आतलं कुलूप वेगळं.

आपल्याकडे ‘आय’ का यायचं, हे मी जवळून पाहिलंय. मी तेव्हा औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नेट कॅफेतली मशीन्स सांभाळायचो. २८.८ च्या मोडेमवर १० एमबी उतरवायला लाईन न तुटता पाऊण तासाहून जास्त लागायचा, आणि भारनियमनात लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ब्राउझर यायचा तो मासिकाच्या सीडीवरून, आणि ती सीडी जालना, परभणी, नांदेडपर्यंत हातोहात फिरायची. त्या सीडीवर निर्यातीचीच प्रत असणार. लोक ‘४.०५ आहे का ४.०६’ एवढंच विचारायचे. ‘आय’ का ‘यू’ हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्य किल्ल्या. ऐकायला प्रचंड वाटतं, पण संगणकाला ते फार नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये दामियें दोलिजे या फ्रेंच संशोधकाने नेटस्केपचा असा एक संदेश सव्वाशेच्या आसपास संगणक लावून ८ दिवसांत फोडला. एका ग्राहकाच्या कार्ड नंबरसाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही, असा तेव्हाचा बचाव होता, आणि १९९५ पुरता तो काही अंशी खराही होता. पण मशीन्स दरवर्षी वेगवान होत होती आणि किल्ली तेवढीच राहिली.

महिन्याभरात, सप्टेंबर १९९५ मध्ये, बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी जे दाखवलं ते मला कायम जास्त गंभीर वाटत आलंय. नेटस्केप १.१ गुप्त किल्ली बनवताना यादृच्छिक (कसलाही क्रम नसलेल्या) आकड्यांची सुरुवात करायचा ती घड्याळातली वेळ, प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक आणि तिला सुरू करणाऱ्या पालक प्रोसेसचा क्रमांक यांवरून. त्याच मशीनवर खातं असलेल्या माणसाला हे दोन्ही क्रमांक एका कमांडने दिसतात आणि वेळेचा अंदाज बांधता येतो. म्हणजे १२८ बिटांची ‘यू’ प्रतसुद्धा काही सेकंदांत उघडायची. नेटस्केपने घाईने दुरुस्त प्रत काढली, आणि पुढच्याच महिन्यात २.० च्या बीटामधले (चाचणीच्या प्रतीतले) दोष शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं.

तारेवरचं कुलूप ही झाली एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे पानाला तुमच्या मशीनवर काय काय करू द्यायचं, आणि खरे घोळ तिथे झाले. १९९६ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने नेटस्केप २ च्या जावात (पानातून छोटे प्रोग्राम चालवायच्या सोयीत) एकामागून एक भोकं दाखवली, म्हणून २.०१ आणि २.०२ अशा प्रती आल्या. १९९७ मध्ये डेन्मार्कच्या एका कंपनीने दाखवलं की फाइलचं नाव माहीत असलं तर वेबसाइट तुमच्या डिस्कवरची ती फाइल वाचू शकते. त्याच वर्षी जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर गटाने टीव्हीवर ॲक्टिव्हएक्सचा, म्हणजे पानातून प्रोग्राम चालवायच्या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचा, एक कंट्रोल दाखवला, जो हिशेबाच्या क्विकन प्रोग्रामला न विचारता पैसे पाठवायची ऑर्डर तयार करायचा. ॲक्टिव्हएक्सची सही फक्त ‘हे कुणी बनवलं’ एवढंच सांगायची, ते काय करणार याबद्दल काही नाही.

आणि आपल्याकडे परवानगी विचारणाऱ्या खिडकीत ‘यस’ दाबायची सवय लागली ती मराठीमुळे. युनिकोडच्या (सगळ्या लिपींसाठीच्या एका समान पद्धतीच्या) आधी प्रत्येक मराठी वर्तमानपत्राच्या साइटचा स्वतःचा फॉन्ट असायचा. डायनॅमिक फॉन्टची, म्हणजे पानासोबतच फॉन्ट उतरवायची, मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी, नेटस्केपची वेगळी. एकात पान नीट दिसलं तर दुसऱ्यात कचरा. गावाकडची बातमी वाचायला आलेला माणूस समोर आलेल्या प्रत्येक खिडकीला ‘यस’ म्हणायचा. त्याला दोष कसा देणार? त्याला त्याच्या भाषेत वाचायचं होतं.

कॅफेत तर एका मशीनवर दिवसभर नवनवी माणसं, प्रोफाइल मात्र एकच. एक्सप्लोरर ५ ने पासवर्ड लक्षात ठेवू का असं विचारायला सुरुवात केली आणि लोक हो म्हणायचे. ४० बिट फोडायला कुणी आलं नाही, पण उघडी राहिलेली हॉटमेलची खाती मी रोज बंद करायचो.

तुमच्या ४.०५ ची आणखी एक अडचण सांगतो. ४.०५ आणि त्याआधीच्या नेटस्केपमधली व्हेरीसाइन या साइटची ओळख पटवून देणाऱ्या कंपनीची मूळ प्रमाणपत्रं ३१ डिसेंबर १९९९ ला संपली. त्यामुळे जानेवारी २००० पासून सुरक्षित साइट उघडली की इशारे यायचे, आणि अनेकांना ते वायटूके (२००० साल लागताना संगणकांची तारीख चुकण्याचा दोष) वाटलं. ४.०६ आणि ४.०५ मधला फरक किरकोळ वाटतो, पण इथे तोच निर्णायक होता. त्याच महिन्यात अमेरिकेने निर्यातीचे नियम सैल केले आणि १२८ बिट सगळ्यांना मिळू लागलं. त्याआधीही ऑस्ट्रेलियातलं फोर्टिफाय नावाचं मोफत टूल ‘आय’ प्रत मजबूत करून द्यायचं. आपल्याकडे मात्र गंमतीची कोंडी होती: आयएसपीच्या (नेट जोडून देणाऱ्या कंपन्यांच्या) परवान्यात विनापरवानगी ४० बिटांपर्यंतच मुभा, आणि २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, किमान १२८.

तेव्हा ‘सुरक्षित होतं का’ याचं माझं उत्तर असं: मेल वाचायला, निकाल बघायला चालण्यासारखं होतं. पैशाच्या व्यवहाराला ‘आय’ प्रतीची ४० बिटांची किल्ली कधीच पुरेशी नव्हती, व्हर्जन कितीही नवं असलं तरी.

आणि आज नेटला का जोडू नका? एक तर जवळपास काही उघडणार नाही, कारण नेटस्केप ४.०५ एसएसएल ३ (सुरक्षित जोडणीची जुनी पद्धत) च्या पुढचं बोलतच नाही आणि ते २०१५ मध्ये अधिकृतपणे बाद झालं. दुसरं म्हणजे ४.७४ पर्यंतच्या नेटस्केपमध्ये जावाचं एक भोक २००० साली उघड झालं, ज्यात पानातल्या एका ॲपलेटने (छोट्या जावा प्रोग्रामने) ब्राउझरच सर्व्हर बनतो आणि तुमच्या फाइली बाहेरच्यांना दाखवतो. ४.७५ मध्ये ते बुजवलं, तुमच्याकडे ४.०५ आहे.

लॅबमध्येच दाखवा, नेटची वायर काढून. गोल्डबर्ग-वॅग्नरचा प्रयोग तर पायथॉनमध्ये एका तासिकेत होतो: एका मुलाने घड्याळाच्या सेकंदावरून सीड (सुरुवातीचा आकडा) देऊन दहा आकडे काढायचे, शेजारच्याने मागच्या तासाभराचे सगळे सेकंद तपासून तो सीड शोधायचा. ३६०० प्रयत्न, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

त्याआधी एक काम मात्र स्वतः करा, मुलांना बसवण्यापूर्वी. प्रोग्राम फाइल्समध्ये नेटस्केपच्या फोल्डरात ‘युजर्स’ उघडा. जुन्या वापरणाऱ्यांचे बुकमार्क, कुकीज आणि मेल वापरलं असेल तर पत्रंसुद्धा साध्या मजकुरात तिथे पडलेली असतील. ती कुणाचीही असोत, न वाचता पुसून टाका. काही अडलं तर इथेच लिहा, अबाउटच्या खिडकीचा फोटो टाकलात तर जास्त नेमकं सांगता येईल.