बायको थायलंडला टीचर, मग नवऱ्याचं काय?

नाशिकहून एका दादांनी विचारलंय की बायकोला थायलंडच्या शाळेत इंग्लिश शिकवायची ऑफर आलीये, मेमध्ये शाळा सुरू होते तेव्हा जॉइन व्हायचंय, तर मी पण नोकरी सोडून सोबत जाऊ का, तिकडे गेल्यावर बघू काहीतरी.

दादा, ते "बघू काहीतरी" आधी डोक्यातून काढा. वहिनींना नॉन-बी व्हिसा, म्हणजे नोकरीचा, मिळेल, त्यावर शाळा वर्क परमिट काढते. तुम्हाला त्यांच्यामुळे मिळणार नॉन-ओ, म्हणजे राहा, पण काम करू नका. शेजारच्या पोराची शिकवणी घेतलीत तरी बेकायदाच. भारतातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर चालू ठेवता येत असेल तर 2024 पासून डीटीव्ही म्हणून वेगळा व्हिसा आहे, 5 वर्षांचा, एका वेळी 180 दिवस राहता येतं, पण खात्यात 5 लाख बाथ दाखवावे लागतात. वेळेचं टेन्शन नाही, थायलंड आपल्यापेक्षा दीड तासच पुढे. आणि शाळा जर म्हणत असेल की आधी टुरिस्ट व्हिसावर या, कागद नंतर करू, तर सरळ नाही म्हणून मोकळे व्हा.

आता पगार. वहिनी बालवाडीपासून इंग्लिश मीडियमला शिकल्या असल्या तरी पासपोर्ट भारताचा म्हणजे तिकडे नॉन-नेटिव्हच, टोइक नाहीतर आयल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेचा स्कोअर मागतात आणि पगार बऱ्याचदा गोऱ्या मास्तरांपेक्षा कमी. राग येतो, मलाही आला होता. पण त्याहून मोठी गोम म्हणजे काही कॉन्ट्रॅक्ट 10 महिन्यांचीच असतात, मार्च-एप्रिलची सुट्टी बिनपगारी, आणि घरभाडं काय सुट्टीवर जात नाही.

कागदांचं माझं स्वतःचं सांगते. डिग्री माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या, आणि मॅरेज सर्टिफिकेटवर माझ्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, एक ए जास्त. त्या एका ए पायी मंत्रालय, अ‍ॅफिडेव्हिट, परत मंत्रालय, त्यात सव्वा महिना गेला आणि सासूबाई रोज विचारायच्या, झालं का गं? तेव्हा तिन्ही कागद आज रात्री जेवणं झाली की टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. डिग्री खरी असल्याचं दिल्लीचं अटेस्टेशन, थाई दूतावासाचा शिक्का, हे सगळं त्यानंतर.

खाण्याचं म्हणाल तर साध्या भाजीतही फिश सॉस असतो. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरात "जे" (เจ), म्हणजे शुद्ध शाकाहारी, असं लिहिलेली गाडी दिसली की डोळे झाकून खा, त्यात कांदा-लसूणसुद्धा नसतो, अगदी आपल्या चातुर्मासासारखं.

आमच्याकडे मी शिकवायला आणि नवरा घरी, असं वर्षभर होतं. वहिनी आठच्या आत शाळेच्या मैदानात झेंड्यापुढे उभ्या असतील, तुम्ही खोलीत एकटे. बाजार, गॅस, दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवणं, सगळं तुमच्या गळ्यात. हे चालणारे का, हे तुम्ही दोघांनी बसून बोला, मित्रांना विचारू नका, मित्र फुकटात राहायला यायचा विचार करत असतात.

आणि वहिनींना शाळेला एक मेल टाकायला सांगा, कॉन्ट्रॅक्ट 10 महिन्यांचं की 12? उत्तर येईपर्यंत तुम्ही राजीनामा टाइपसुद्धा करायचा नाही.